हिवरे बाजारचें ताक

ताकासारख्या सामान्य वस्तूवर लेख लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असें सहा महिन्यांपूर्वीं कोणी म्हटलें असतें तर आम्ही हंसलों असतों. आमच्या घरीं ताक भोजनाच्या शेवटीं वाटींत येतें व आंचवण्यापूर्वीं संपतें. त्याच्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाहीं. परंतु गेल्या आश्विनांत आमच्या अडीच वर्षांच्या नातवास लागोपाठ तीन वेळां अतिसार झाला. मूल इतकें वाळलें कीं त्याच्या मनगटांतील बिंदल्या सैल होऊन गळून पडूं लागल्या. डॉक्टरांनीं मीठ-साखरेचें पाणी व जस्ताचें औषध दिलें, आणि शिवाय एक पूड दिली. पुडीच्या वेष्टणावर आंत इतके कोटि जिवंत सूक्ष्मजंतु आहेत असा मजकूर होता. आमच्या सूनबाईंनीं तें वेष्टण उजेडांत धरून वाचलें व आम्हांस विचारलें, "बाबा, हे जंतु आपल्या ताकांत नसतात का?"

पस्तीस वर्षें आम्हीं मुलांच्या प्रश्नांस उत्तरें दिलीं; या प्रश्नापाशीं मात्र थांबलों. घरांत लागलीच दोन पक्ष पडले. आमच्या वडील वहिनींच्या मतें पुडी फेंकून द्यावी व ताकच पाजावें. धाकट्या बंधूंच्या मतें ताकानें कफ होतो, सबब त्याचें नांवही काढूं नये. एकत्र कुटुंबांत असे वाद मिटत नाहींत, नुसते शिळे होतात. हाही तसाच शिळा होत होता, इतक्यांत नगराहून (ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात) आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. आम्हीं नोकरीचीं पहिलीं वर्षें त्या जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत काढलीं, त्या वेळचा हा मुलगा. आतां तो पन्नाशीला आला असून नगरास त्याचें शेतीच्या अवजारांचें दुकान आहे. त्याची थोरली बहीण हिवरे बाजारास दिली आहे. "गुरुजी, एकदां या. तुम्हांला हिवरे बाजार दाखवितों," असें तो कित्येक वर्षें म्हणत होता. मार्गशीर्षांत, नातवास जरा बरें पडल्यावर, आम्ही निघालों.

हिवरे बाजार नगरच्या पश्चिमेस सुमारें १७ किलोमीटरांवर आहे. नगर सोडलें कीं ओळखीचा दुष्काळी मुलूख लागतो: उघडी माळरानें, काळ्या खडकांचे उंचवटे आणि रस्त्याच्या कडेला बाभळी. याच मुलखांत आमचें बालपण गेलें असल्यानें पुढें काय दिसेल हें आम्ही डोळे मिटूनही सांगितलें असतें. परंतु गांवाच्या शिवेंत गाडी शिरली आणि आमचा अंदाज चुकला. डोंगर तेच, पण त्यांच्या अंगावर झाडी. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, वहींतील रेघांप्रमाणें, आडवे चर खणलेले. आणि दोन चरांच्या मधल्या पट्टींत गुडघ्याएवढें गवत, मार्गशीर्षांत पिवळें पडलेलें. कांहीं बाया विळ्यानें तें कापून भारे बांधीत होत्या. एकही जनावर डोंगरावर मोकळें दिसलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें गाडी थांबवून हा सर्व प्रकार समजावून सांगितला. मास्तर आज तो होता व विद्यार्थी आम्ही. येथें वर्षाकाठीं पाऊस चारशें मिलिमीटरांच्या आगेमागें पडतो, म्हणजे कोंकणांत चार-सहा दिवसांत पडावा तितकाच. १९७२ च्या दुष्काळानंतर या गांवाची फार दैना झाली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, धडधाकट माणसें पुण्या-मुंबईस गेलीं आणि मागें राहिलेल्यांत हातभट्टी व मारामाऱ्या माजल्या. सरकारी नोकरास शिक्षा म्हणून येथें बदलीवर धाडीत, असें लोक सांगतात. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार हे एम्. कॉम्. झालेले तरुण बिनविरोध सरपंच झाले. पुढें १९९४ च्या सुमारास गांव आदर्श गांव योजनेंत आलें आणि लोकांनीं श्रमदानानें डोंगरावर चर व ओढ्यांवर बांध घातले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी हे नियम ग्रामसभेनें केले व पाळले. डोंगरावर गुरें सोडावयाचीं नाहींत, गवत विळ्यानें कापून आणावयाचें. शेतीला कूपनलिका नाहीं, ऊंस नाहीं. पावसाळा संपला कीं पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून, त्यांतून पिण्याचें पाणी वेगळें काढून, उरल्या पाण्यावर कोणतीं पिकें घ्यावींत हें ठरवावयाचें. हा ताळेबंद २००४ पासून चालू आहे. श्री. पवारांस २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री मिळाली हें वाचकांस ठाऊक असेलच.

या गोष्टी पुष्कळांनीं लिहिल्या आहेत. त्या पुन्हा लिहिण्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली नाहीं. आम्हांस त्यांतील एकाच आंकड्यानें घोळांत पाडलें. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास या गांवांत दिवसाला १५० लिटरांच्या आसपास दूध निघत असे. पुढील पंधरा वर्षांत तें ४,००० लिटरांच्या घरांत गेलें. डोंगरावर चर खणले तर विहिरींना पाणी येईल हें आमच्या सहज ध्यानांत आलें होतें. परंतु पाणी मुरलें म्हणून गवत आलें, गवत आलें म्हणून दारीं गाय उभी राहिली, आणि गाय उभी राहिली म्हणून चुलीपाशीं ताकाचा डेरा आला, ही सांखळी आमच्या मनांत जुळली ती त्या बाया माळावर भारे बांधतांना पाहून.

आमच्या विद्यार्थ्याच्या बहिणीचें घर नीटनेटकें आहे. अंगणांत तुळस, एका बाजूस गोठा, दुसऱ्या बाजूस शौचालय. ओसरीवर तिच्या सासूबाई, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, मडक्यांत रवी धरून ताक घुसळीत बसल्या होत्या. घरांत विजेचें यंत्र आहे, पण त्याच्या लोण्याला चव नाहीं असें त्यांचें म्हणणें. सकाळचें दूध संकलन केंद्रावर गेलें होतें. घरासाठीं तांब्याभर ठेवलेलें होतें. हातपाय धुऊन बसलों तों बहिणीनें आमच्यापुढें पितळेच्या वाटींत कांहीं पांढुरकें, दाटसर, वाफाळलेलें आणून ठेविलें. वरून जिरें-लसणीचा वास. ती ज्वारीची आंबील होती.

आमचा विद्यार्थी हंसून म्हणाला, "गुरुजी, ओळखलीत का?"

आम्हीं ओळखली, आणि घांस घशांत अडकला. तो कां, हें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. हा मुलगा तेव्हां चौथींत होता. मधल्या सुट्टींत इतर मुलें भाकरी सोडीत, हा एका चेपलेल्या डब्यांतून आंबील पीत असे. एके दिवशीं तिचा आंबूस वास वर्गांत पसरला. आम्ही तरुण होतों, नीटनेटकेपणाचा आम्हांस फार अभिमान होता. आम्हीं सर्व वर्गासमोर म्हटलें, "असलें आंबलेलें, नासलेलें खाऊन बुद्धि कशी चालणार? पाटलांचा मुलगा बघ, बिस्किटें आणतो." मुलें हंसलीं. दुसऱ्या दिवसापासून त्यानें डबा आणणें सोडलें. बिस्किटें कोठून आणणार? पुढें दोन वर्षें तो मधल्या सुट्टींत रिकाम्या पोटीं हौदावर पाणी पिऊन येई, हें आम्हांस फार उशिरां कळलें, आणि कळल्यावरही आम्हीं कांहीं केलें नाहीं.

यांत अधिक लाजिरवाणें हें कीं आम्ही संस्कृत शिकलेले. आंबवलेलें आणि नासलेलें यांतील भेद आम्हांस तरी ठाऊक असावयास हवा होता. चरकसंहितेंत अर्श व ग्रहणी या दोन्ही विकारांच्या चिकित्सेंत ताकास मानाचें स्थान आहे. ग्रहणी हें नांव रोगाचें तसेंच अवयवाचेंही: अन्न पचेपर्यंत जी त्यास धरून ठेविते ती ग्रहणी, आणि ती दुबळी झाली कीं खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. भावप्रकाशांत घोल, मथित, तक्र, उदश्वित्, छच्छिका असे ताकाचे पांच प्रकार पाण्याच्या व सायीच्या प्रमाणावरून पाडले आहेत. चतुर्थांश पाणी तें तक्र, अर्धें पाणी तें उदश्वित्. या उदश्वित् शब्दासाठीं पाणिनीनें अष्टाध्यायींत एक स्वतंत्र सूत्र खर्चिलें आहे. तें सूत्र आम्हांस मुखोद्गत होतें. आमच्या ज्येष्ठा गौरींना आंबिलीचा नैवेद्य होतो, गोकुळाष्टमीला दहीकाला होतो, प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दहीं पडतें. देवासमोर जें पवित्र तें एका कुणब्याच्या पोराच्या डब्यांत नासलेलें कसें झालें, याचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं.

आमच्या विद्यार्थ्याला हें सारें आठवत होतें. तो म्हणाला, "जाऊं द्या, गुरुजी. प्या, निवतेय." आम्ही प्यालों.

हंसूं न आणतां आतां सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळूं; कारण परत आल्यावर आम्हीं डॉक्टरांकडून व पुस्तकांतून जें समजून घेतलें तें आमच्या वाचकांच्याही घरीं उपयोगी पडेल.

दुधांत विरजण घातलें म्हणजे त्यांतील सूक्ष्मजंतु दुधांतील साखर खातात व तिचें आम्ल बनवितात. त्या आम्लानें दूध घट्ट होतें, आणि रोग उत्पन्न करणाऱ्या पुष्कळशा जंतूंस तेथें वाढणें अवघड जातें. अतिसारानें आंतडीं सोलवटलेल्या मुलास दुधांतील साखर कांहीं दिवस पचत नाहीं; दह्या-ताकांत ती कांहीं अंशीं आधींच खर्च झालेली असते, शिवाय ती पचविण्याच्या कामीं ते जंतुही हात लावतात, म्हणून दूध न सोसणाऱ्यासही ताक सोसतें. धान्याच्या आंबविण्यांत आणखी एक गुण आहे. ज्वारी-बाजरींत लोह व जस्त असतात, परंतु दाण्यांतीलच एक द्रव्य त्यांस जखडून ठेवितें. पीठ रात्रभर आंबलें कीं तें बंधन बरेंच सुटतें. रशियन साम्राज्यांत जन्मलेले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेले मेचनिकॉफ यांनीं बल्गेरियांतील शेतकऱ्यांच्या आंबट दुधाची थोरवी गाऊन युरोपचें लक्ष या विषयाकडे वेधिलें; त्यांना १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील शोधासाठीं.

कुपोषणाचा आणि आंतड्यांतील जंतूंचा संबंध अलीकडच्या वर्षांतच नीट उलगडूं लागला आहे. आफ्रिकेंतील मलावी देशांत जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्या अभ्यासल्या. त्याचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. एकाच आईचीं, एकाच चुलीवर जेवणारीं दोन भावंडें, त्यांतील एक सुजून कुपोषित होई व दुसरें धड राही. आजारी भावंडाच्या आंतड्यांतील जंतु निर्जंतुक वाढविलेल्या उंदरांच्या पोटीं घालून त्यांना मलावीचेंच निकस अन्न दिलें, तेव्हां ते उंदीर झपाट्यानें वाळले. दुसऱ्या वर्षीं ढाक्याच्या मुलांवरील अभ्यासांत दिसलें कीं कुपोषित मुलाच्या पोटांतील जंतुसमाज त्याच्या वयाच्या मानानें कोंवळाच राहतो. उपचाराचें अन्न दिलें तरी तो थोडाच आणि थोड्याच काळापुरता सुधारतो. म्हणजे ज्या ग्रहणीविषयीं आमचे वैद्य बोलत, तिच्या आंत एक अदृश्य गोकुळ नांदत असतें, आणि मुलाबरोबर तेंही वयांत यावें लागतें.

तर मग जंतूंची पुडी दिली कीं झालें, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. ओडिशांत ४,५५६ नवजात अर्भकांवर प्रयोग झाला. त्यांतील निम्म्या बाळांस सात दिवस एक विशिष्ट जंतु व त्याचें खाद्य दिलें, तेव्हां जंतुदोष व मृत्यु मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. कलकत्त्याच्या गरीब वस्तींत एक ते पांच वर्षांच्या ३,७५८ मुलांच्या प्रयोगांत आंबवलेलें दूध रोज देऊन अतिसार १४ टक्क्यांनीं घटला. तो वृत्तांत २०११ सालचा. परंतु मलावींत ७९५ अतिकुपोषित मुलांच्या उपचारान्नांत असेच जंतु मिसळले, तेव्हां बरें होण्याचें प्रमाण कांहीं वाढलें नाहीं. हा निकाल २००९ सालचा, व तोही तितकाच खरा. तेव्हां एका जंतूचा गुण दुसऱ्यास लावतां येत नाहीं, आणि अर्भकाचा अनुभव थोराड मुलास लागू पडेलच असें नाहीं. ढाक्यास पुढें निराळीच दिशा धरली. जंतु बाहेरून घालण्यापेक्षां पोटांतल्या चांगल्या जंतूंस काय आवडतें तें पाहिलें, आणि हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे व कच्चें केळें यांचें अन्न १२३ मुलांपैकीं निम्म्यांस तीन महिने दिलें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत, नेहमीच्या पौष्टिक अन्नापेक्षां उष्मांक कमी असूनही, या मुलांचें वजन अधिक चांगलें वाढलें.

हरभरा आणि शेंगदाणे! हें वाचून आम्ही क्षणभर पुस्तक मिटून बसलों. विरजणाचेंही असेंच आहे. तें कितीही चांगलें असलें तरी रिकाम्या भांड्यांत दहीं लागत नाहीं; दूध हवें, भांडें स्वच्छ हवें आणि ऊब हवी. मुलाचें पोटही एक भांडेंच आहे. पोटभर अन्न नाहीं, पाणी गढूळ, आणि परसांत घाण, अशा ठिकाणीं आंतडीं सदा सुजलेलीं राहतात. तेथें ताक काय करील व पुडी तरी काय करील? हिवरे बाजारानें आधीं डोंगर बांधला, पाणी राखलें, घरोघर शौचालयें केलीं, मग दूध आलें. ताक सर्वांच्या शेवटीं आलें. वहिनी व धाकटे बंधु या दोघांसही आम्हीं हेंच सांगितलें.

विरजणाचा विषय निघाला म्हणून एक जुनी आठवण सांगतों. १९७२ सालीं आम्ही पंधरा वर्षांचे होतों. त्या वर्षीं आमच्या गांवांत दुष्काळी कामावर सुकडी वांटीत आणि दुकानांत परदेशी लाल मिलो मिळे. आमची एकुलती गाय दावणीवरून गेली, शेजाऱ्यांचीं गुरें गेलीं, आणि पाहतां पाहतां साऱ्या आळींतून ताक नाहींसें झालें. पुढच्या वर्षीं पाऊस पडला, मामांनीं एक व्यालेली गाय पाठविली. दूध आलें, पण विरजण कोणाच्याच घरीं नव्हतें. आईनें आम्हांस दोन कोसांवरच्या गांवीं वाटी घेऊन पाठविलें. येतांना ओढा ओलांडतांना ती वाटी आम्हीं डोक्यावर धरली होती. त्या रात्रीं आईनें दूध लावलें, आणि दुसऱ्या दिवशीं आळींतल्या सात घरीं चमचा चमचा विरजण गेलें. एक दुष्काळ माणसांचें आणि गुरांचें काय करतो हें आम्हांस दिसलें होतें. तो अशी न दिसणारी वस्तूही मारतो, हें त्या दिवशीं कळलें.

आतां एक शंका लिहितों, जी आम्हांस हिवरे बाजारच्या ओसरीवर बसल्या बसल्या आली. दूध वाढलें, पण तें सकाळ-संध्याकाळ गाडींत बसून शहरास जातें. त्यांत वाईट कांहीं नाहीं. त्याच पैशांनीं घर उभें राहिलें, मुली शिकल्या. तथापि ज्याच्या दारीं गाय नाहीं त्याच्या पोराचें काय? आमच्या लहानपणीं ताक विकीत नसत. ज्याच्या घरीं दुभतें नसे त्याचें पोर लोटा घेऊन येई व भरून नेई. मागणाऱ्यास कमीपणा वाटत नसे. आतां ताक पिशवींत भरून विकावयास येतें. आम्हीं सासूबाईंस विचारलें. त्यांनीं रवी थांबविली नाहीं. "दूध इकावं, ताक इकूं नये," एवढेंच त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानें एक सात-आठ वर्षांची मुलगी दारांत आली. कांद्याच्या कामास बाहेरगांवाहून आलेल्या मजुरांपैकीं कोणाची तरी ती असावी. कडेवर धाकटा भाऊ, हातांत दांडी तुटलेली किटली. सासूबाईंनीं कांहीं न बोलतां किटली भरली, आणि त्या लहानग्याच्या मुठींत लोण्याचा एक गोळा दिला. मुलगी गेल्यावर म्हणाल्या, "लोनी नसंल तर नुसत्या ताकानं काय हुतंय?" तीन खंडांतल्या पंडितांनीं जें प्रयोगानें ठरविलें, त्याचें सार त्या अक्षरशत्रु बाईंनीं रवी फिरवितां फिरवितां सांगून टाकलें.

आपल्या राज्याचा हिशेबही येथें मांडावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें पांच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचें प्रमाण महाराष्ट्रांत २००५-०६ सालीं ४६.३ टक्के होतें. २०१५-१६ सालीं तें ३४.४ वर आलें; आणि २०१९-२१ च्या पाहणींत ३५.२, म्हणजे जेथल्या तेथें. आजही तीन मुलांतील एक मूल वयाच्या मानानें खुजें. हीं मुलें दूर मेळघाटांतच आहेत असें आपण समजतों. आम्हींही तसेंच समजत होतों. आमच्या घरीं धुणेंभांडीं करावयास येणाऱ्या बाईंची मुलगी आमच्या नातवाच्याच वयाची आहे. ती रोज सकाळीं आईबरोबर येते, आणि आम्ही चांगुलपणानें तिच्या हातावर दोन बिस्किटें ठेवतों. चाळीस वर्षांपूर्वीं वर्गांत ज्या बिस्किटांची थोरवी आम्हीं गाइली तींच. तिच्या मनगटाकडे आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें; पाहावें असें कळावयास स्वतःच्या नातवाच्या बिंदल्या गळून पडाव्या लागल्या.

त्या ओसरीवर शिकलेली आंबील आमच्या वाचकभगिनींसाठीं येथें देतों. ज्वारीचें पीठ एक वाटी, दोन वाट्या ताज्या पातळ ताकांत कालवून, झांकून रात्रभर ठेवावें. उन्हाळ्यांत सहा तास पुरे होतात. सकाळीं चार वाट्या उकळत्या पाण्यांत तें हळूहळू ओतीत ढवळावें, गुठळी होऊं देऊं नये, दहा मिनिटें शिजवावें. चवीपुरतें मीठ, जिरें, ठेंचलेली लसूण. शिजविल्यानें ताकांतील जंतु मरतात, आंबविण्याचा गुण मात्र पिठांत राहतो; जिवंत जंतु हवे असतील तर आंबील कोमट झाल्यावर वरून वाटीभर ताजें ताक घालावें. लहान मुलासाठीं ती फार पातळ करूं नये. पातळ पेजेनें पोट भरतें, अंग भरत नाहीं. तींत चमचाभर तूप व शेंगदाण्याचें बारीक कूट घालावें. सहा महिन्यांपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज कांहींच देऊं नये. आणि ज्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरतो, किंवा ज्याच्या पायांवर सूज दिसते, त्यास ताक-आंबिलीवर न ठेवतां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. तेथें विलंब म्हणजे जिवाशीं खेळ.

सायंकाळीं आम्ही निघालों तेव्हां डोंगराची सांवली गांवावर आली होती व गाई गोठ्यांत हंबरत होत्या. बहिणीनें आमच्या तळहातावर दहीं घातलें, आणि एका लहान डबींत विरजण बांधून दिलें. "बाळासाठीं," ती म्हणाली. आमच्या घरीं गेलीं कित्येक वर्षें दहीं दुकानांतून येतें, हें तिला सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. पुण्यास येईपर्यंत ती डबी आम्हीं मांडीवर धरून ठेविली होती.

सूनबाईंस उत्तर दिलें तें असें: ताकांत जंतु आहेत, पण कोणते व किती हें कोणी मोजलेलें नाहीं, पुडींत मोजलेले आहेत, पण ते सर्वांस सारखेच लागू पडतात असें नाहीं, डॉक्टरांनीं जितके दिवस सांगितली तितके दिवस पुडी द्यावी, आणि ताक नेहमीं असावें. त्यांना तें पटलें. विरजण लागलें. आतां रोज सकाळीं चुलीवर, म्हणजे गॅसवर, आंबील होते, ती दोन वाट्यांत भरतात आणि दोघें बालकें स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शेजारीं शेजारीं बसून पितात. बाईंनीं पहिल्या दिवशीं संकोच केला. सूनबाईंनीं सांगितलें कीं एकट्यासाठीं केली तर बाळ पीत नाहीं, जें बरेंचसें खरेंही आहे. बिस्किटें बंद झालीं.

या गोष्टीस आज सात आठवडे झाले. नातवाच्या बिंदल्या अजून सैलच आहेत, परंतु गळून पडत नाहींत. त्या मुलीच्या दंडाचा घेर आम्हीं पहिल्या दिवशीं टेपानें मोजला तो साडेबारा सेंटिमीटर होता. महिना संपल्यावर पुन्हा मोजावयाचा आहे. आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं पत्र लिहिलें आहे. चाळीस वर्षांपूर्वीं जें म्हणावयास हवें होतें तें त्यांत एका ओळींत लिहून टाकलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.